उडते ठेवण्याची विद्या

बेडफर्ड शहराचे नाव वाचनाची आवड असलेल्या मराठी माणसास ठाऊक असते ते बहुधा जॉन बन्यनमुळे. येथल्याच तुरुंगात त्याने आपली रूपककथा लिहावयास घेतली आणि हरि केशवजी यांनी १८४१ साली ती 'यात्रिक्रमण' या नावाने मराठीत आणली. त्या शहराच्या स्थानकावर मी उतरलो तेव्हा मात्र माझे लक्ष बन्यनच्या यात्रिकापेक्षा आकाशातील ढगांकडे आणि झाडांच्या शेंड्यांकडे अधिक होते, कारण तेथून आग्नेयेस काही मैलांवर ओल्ड वॉर्डन नावाचे जे खेडे आहे, त्याच्या शिवेवरील एका गवताळ मैदानात, ज्या यंत्रांनी मनुष्यजातीस उडावयास शिकविले त्यांपैकी काही आजही उन्हाळ्यातील सायंकाळी हवेत सोडली जातात, आणि ती सोडावयाची की नाहीत याचा अखेरचा हुकूम वारा देतो, असे मी ऐकून होतो.

बेडफर्डची वस्ती मागे पडते न पडते तोच सपाट शेतांच्या वर दोन अजस्र इमारती डोके काढतात. कार्डिंग्टन येथील हवाई जहाजांच्या या शाळा. आर १०१ हे सरकारी हवाई जहाज ४ ऑक्टोबर १९३० रोजी सायंकाळी येथून हिंदुस्थानच्या सफरीस निघाले. कराचीस त्याच्या मुक्कामासाठी अशीच प्रचंड शाळा बांधून तयार ठेवली होती, आणि विमानखात्याचे मंत्री लॉर्ड टॉमसन जातीने आत बसले होते. परंतु मध्यरात्र उलटल्यावर फ्रान्समधील बोव्हे गावाजवळ ते जमिनीस टेकले, पेटले, आणि त्यातील ५४ जणांपैकी ४८ जणांचा अंत झाला. त्यानंतर ब्रिटनने हवाई जहाजांचा मार्गच सोडून दिला. कॅनडाची सफर सुखरूप करून आलेले आर १०० हे जोडीचे जहाजसुद्धा मोडून भंगाराच्या भावाने विकण्यात आले, आणि बैलाच्या आतड्यांच्या पातळ त्वचेपासून प्रचंड वायुकोश तयार करण्याची जी कला येथील कामगारांच्या बोटांत उतरली होती, तिला काम न उरल्यामुळे ती त्या बोटांबरोबरच संपली. त्या रिकाम्या इमारतींजवळून जाताना मनाशी बांधलेली खूणगाठ पुढील मुक्कामी उपयोगी पडली: विद्या नष्ट होण्यास ग्रंथ जळावे लागत नाहीत, नित्याची वहिवाट बंद पडली की पुरते.

ओल्ड वॉर्डन हे खेडे कोणा हौशी जहागीरदाराने चित्रावरून वसविल्यासारखे दिसते, आणि वस्तुस्थितीही फारशी निराळी नाही. गवताने शाकारलेली येथील टुमदार घरे लॉर्ड ऑन्ग्ले यांच्या घराण्याच्या अमदानीतील. पुढे १८७२ साली ही सारी मिळकत लिंकन येथील 'क्लेटन अँड शटलवर्थ' या कारखान्याचे भागीदार जोसेफ शटलवर्थ यांनी खरीदली. वाफेची इंजिने आणि मळणीयंत्रे यांच्या व्यापारावर हे घराणे तालेवार झाले होते, आणि पहिल्या महायुद्धात याच कारखान्यातून सॉपविथ कॅमल ही लढाऊ विमाने बाहेर पडली. अशा घरात, लुई ब्लेरिओने इंग्लिश खाडी प्रथम विमानाने ओलांडली त्या १९०९ सालच्या त्याच जुलै महिन्यात, जोसेफचा नातू रिचर्ड ऑर्मंड शटलवर्थ जन्मास आला.

रिचर्डच्या अल्पायुष्याचा वृत्तान्त एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर वाचकांनी त्यावर अतिशयोक्तीचा आरोप केला असता. लष्करातील नोकरी सोडून तो इस्टेटीवर आला, मोटारींच्या शर्यतींत शिरला आणि १९३५ साली डॉनिंग्टनची पहिली ग्रां प्री अल्फा रोमिओ मोटारीतून त्याने जिंकली. लगेच पुढील वर्षाच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेतील शर्यतीत तो जबर जखमी झाला आणि शर्यतींचा अध्याय संपला. पण याच धामधुमीत त्याने एक निराळाच छंद जडवून घेतला होता. त्या काळी जुने विमान ही कोणासही नकोशी वस्तू होती. सरकारी लिलावात तिला सरपणाची किंमत येई, आणि विमानविद्या इतक्या झपाट्याने पुढे चाललेली होती की दहा वर्षांपूर्वीच्या विमानाकडे वळून पाहणे हेही मागासलेपणाचे लक्षण ठरावे. अशा दिवसांत हा पंचविशीतील तरुण १९०९ सालचे ब्लेरिओ आणि १९१० सालचे डेपरदुसां अशी दोन एकपंखी विमाने मिळवितो, एका शेतावर मोडक्या अवस्थेत पडून राहिलेले १९१२ सालचे ब्लॅकबर्न शोधून काढतो, आणि ती केवळ झाडूनपुसून मांडून न ठेवता पुन्हा उडती करावयास घेतो, यात द्रष्टेपण किती आणि निव्वळ हौस किती याचा हिशोब आज करता येणार नाही. १९३२ साली त्याने घेतलेले डी हॅविलंड मॉथ हे त्याचे पहिले विमान मात्र आजही याच मैदानावर नांदते आहे, आणि एकाच विमानतळावर इतका दीर्घ काळ राहिलेले दुसरे विमान जगात नाही असे येथील लोक अभिमानाने सांगतात.

२ ऑगस्ट १९४० रोजी, हवाई दलाच्या सेवेत असता, रात्रीच्या सरावाच्या उड्डाणात रिचर्डचा मृत्यू झाला. त्याची आई डॉरोथी ही वॉर्डनच्याच धर्मोपदेशकाची कन्या. पतिनिधनानंतर तिने या एकुलत्या एका मुलाला वाढविले होते. आता वंशच खुंटला. १९४४ साली तिने सगळ्या मिळकतीचा विश्वस्तनिधी केला आणि त्याच्या दस्तऐवजात विमानविद्या, शेती आणि वनसंवर्धन यांचे शास्त्र व प्रत्यक्ष कर्म शिकविणे हा हेतू नमूद केला. विमानाने ज्या आईचा मुलगा नेला तिने विमानांस टाळे ठोकले असते तर तिला कोणी दोष दिला नसता. तिने शास्त्राच्या जोडीस 'प्रत्यक्ष कर्म' लिहिले, आणि पुढील साऱ्या गोष्टी त्या दोन शब्दांतून निघाल्या. लवकरच येथे शेतकी महाविद्यालय उभे राहिले आणि १९६३ साली विमानसंग्रह सर्वांसाठी खुला झाला.

हँगरांत पाऊल टाकताच प्रथम भेटतो तो गंध: लाकडाचा, ताणलेल्या कापडावर चढविलेल्या डोप नामक रोगणाचा आणि एरंडेलाचा. विमाने दोरखंडापलीकडे, पण हाताच्या अंतरावर, एकमेकांच्या पंखांखाली पंख सारून दाटीने उभी आहेत आणि बहुतेकांच्या इंजिनांखाली तेल झेलण्यासाठी पत्र्याचे थाळे ठेवलेले आहेत. म्हणजे ही मंडळी अद्याप सेवेत आहेत. भारतीय प्रवाशाचे पाऊल येथे ठायी ठायी अडखळते. कॉम्पर स्विफ्ट हे चिमुकले तांबडे विमान सिल्चरच्या एका चहामळेवाल्याचे; 'स्कार्लेट एंजल' या नावाने आणि व्हीटी-एडीओ या हिंदुस्थानी नोंदणीने ते १९३३ साली दिल्लीस व्हाइसरॉयच्या चषकासाठी शर्यतीत उतरले होते, आणि त्याच शर्यतीसाठी खुद्द रिचर्ड शटलवर्थ इंग्लंडहून आपले स्वतःचे स्विफ्ट उडवीत दिल्लीस आला होता. पलीकडचे रुपेरी हॉकर हाइंड १९३८ साली अफगाण सरकारकडे गेलेले. काबूलहून ते १९७० मध्ये भेटीदाखल मिळाले आणि सुमारे ६००० मैलांची खुष्कीची वाट तुडवून मालमोटारींनी येथे आणण्यात आले. अकरा वर्षांच्या खटपटीनंतर १९८१ साली ते पुन्हा उडाले.

सर्वांत अधिक वेळ मी घालविला तो डी हॅविलंड कॉमेट या लालभडक, सडपातळ, दोन इंजिनांच्या विमानापाशी. १९३४ साली मिल्डनहॉल ते मेलबर्न अशी जी अपूर्व शर्यत झाली, ती स्कॉट आणि कॅम्पबेल ब्लॅक यांनी याच विमानातून ७१ तासांच्या आत जिंकली. मार्गातील सक्तीच्या थांब्यांत बगदादनंतर अलाहाबाद होते. याच्या जोडीचे, काळ्या रंगाचे दुसरे कॉमेट घेऊन जिम आणि एमी मॉलिसन हे नामांकित दांपत्य कराचीपर्यंत सर्वांच्या पुढे होते. पुढे वाट चुकून ते जबलपुरास उतरले, तेथे विमानाचे पेट्रोल नव्हते म्हणून बसगाड्यांच्या कंपनीचे पेट्रोल भरून निघाले, आणि त्या निकस इंधनाने इंजिने इतकी पोळली की अलाहाबादेस त्यांनी शर्यत सोडली. विजयी कॉमेटही पुढे कित्येक वर्षे जमिनीवरच पडून होते. १९८७ साली त्याने पुन्हा आकाश पाहिले. ज्या विमानाची हकिगत आपण वाचतो तेच विमान उड्डाणासाठी इंधन भरून घेताना पाहणे हा अनुभव, अलाहाबादचा उल्लेख केवळ कुंभमेळ्याच्या संदर्भात ऐकत आलेल्या माणसास काही वेगळाच वाटतो.

कार्यशाळेत एका विमानाचा पंख कापड उतरवून आडवा ठेवलेला होता. स्प्रूसच्या लाकडाचे दांडे, त्यांवर बसविलेल्या नाजूक फासळ्या, आणि त्यांतून गेलेल्या तारा. एक वयस्क कारागीर, निवृत्तीनंतर येथे विनावेतन येणारे, त्यांतील एक फासळी बोटांनी चाचपीत होते. पंखाचे कापड काही वर्षांनी बदलावे लागते, कुजके लाकूड कापून नवे सांधावे लागते, इंजिनाचे भाग घडवून घ्यावे लागतात. मग जुने विमान जुने राहिले कोठे, असे मी त्यांना विचारले. ते हसले आणि त्यांनी मला बाहेर उभ्या असलेल्या सॉपविथ ट्रायप्लेनची कथा सांगितली. ते तीन मजली पंखांचे विमान युद्धकाळातील नाहीच. मूळ आराखड्यांवरून हौशी कारागिरांच्या एका मंडळाने ते कित्येक वर्षे खपून नव्याने बांधले. पण ते काम पाहून शतायुषी सर टॉमस सॉपविथ इतके संतुष्ट झाले की, ही प्रतिकृती समजू नये, आपल्या कारखान्याचे उशिरा बाहेर पडलेले विमान समजावे, असे त्यांनी जाहीर केले. "आराखड्यात सर्व मापे आहेत," कारागीर म्हणाले, "पण तार ताणली की ती वाजवून पाहावी लागते. तो आवाज आराखड्यात नसतो. मला तो माझ्या वडीलधाऱ्या कारागिराने ऐकविला, मी तो त्या पोराला ऐकवितो." आणि त्यांनी कोपऱ्यात कानशीने लोखंड घासणाऱ्या एका विशीतील मुलाकडे बोट केले.

दुपार कलली तशी मैदानाच्या कडेने लोक सतरंज्या पसरून बसू लागले. येथे सिमेंटचा रस्ता नाही, आणि हा काही गरिबीचा प्रकार नव्हे. त्या काळच्या विमानांना ब्रेक नसत. शेपटीखाली लाकडाचा एक पाय असे आणि उतरल्यावर तो गवतात रुतूनच विमानाचा वेग मोडे. आडवा वारा त्यांना सोसत नाही, म्हणून वाऱ्याच्या तोंडास तोंड देऊन उतरता येईल अशी ऐसपैस हिरवळ हवी. आधी स्पिटफायर, हरिकेन, ग्लॅडिएटर अशी पुढील काळातील बलिष्ठ विमाने उडाली. त्यांना वाऱ्याची पर्वा नसते. वयाने जो जितका वडील तो तितका वाऱ्यापुढे नाजूक, या न्यायाने अतिवृद्धांचा क्रम अगदी शेवटी लागतो, आणि खांबावरील वातदर्शक पिशवी पूर्ण लोंबकळू लागेपर्यंत सर्वांच्या नजरा तिच्यावर खिळून राहतात.

मधल्या अवधीत अॅव्हरो ५०४ बाहेर आणले. त्याच्या इंजिनाची तऱ्हा पाहिल्याखेरीज खरी वाटत नाही. त्यात दांडा स्थिर असतो आणि नऊ सिलिंडरांचे संपूर्ण चक्र पंख्याबरोबर गरगर फिरते, म्हणजे वाऱ्याने आपोआप थंडही राहते. मात्र एवढे वजन फिरत असल्यामुळे विमान एका बाजूस वळविले तर नाक खाली घालते आणि दुसऱ्या बाजूस वळविले तर वर उचलते. दोहोंचा तोल वैमानिकाने पायांनी सांभाळावयाचा. वेग कमी करावयाचा तर ठिणगी क्षणभर तोडावयाची, आणि म्हणूनच ही विमाने उतरताना भर्र, शांत, पुन्हा भर्र असा तुटक आवाज करतात. वंगणासाठी एरंडेलच लागते, कारण ते पेट्रोलात विरघळत नाही. ते इंजिनात फिरून परत येत नाही, जळक्या फवाऱ्याने बाहेर फेकले जाते आणि वैमानिकाच्या मुद्रेवर, चष्म्यावर व पोटात जाते. या तेलाचे जे परिणाम आपल्याकडे प्रत्येक घरातील मुलांस परिचित असत, ते पहिल्या महायुद्धातील वैमानिकांनी शत्रूच्या गोळ्यांबरोबर सोसले आहेत. तो करपट गोड वास मैदानभर पसरला आणि बराच वेळ रेंगाळला.

त्यानंतर १९२३ सालचे इंग्लिश इलेक्ट्रिक रेन. अवघ्या ३९८ सीसीच्या मोटारसायकली इंजिनावर चालणाऱ्या या विमानाने त्या वर्षीच्या काटकसरीच्या स्पर्धेत एका गॅलनमध्ये ८७.५ मैल कापून बक्षीस वाटून घेतले होते. ते स्वतःच्या जोरावर गवत सोडू शकत नाही, म्हणून स्वयंसेवकांनी रबरी दोर ओढून त्यास हवेत भिरकावले आणि प्रेक्षकांनी टाळ्यांचा गजर केला.

मग वारा पडला. ब्लेरिओ बाहेर आले, आणि आतापर्यंत बोलणारे लोक उभे राहिले. उघड्या सांगाड्याचे धड, सायकलीसारखी चाके, पंखांना वळविण्यासाठी पीळ देणाऱ्या दोऱ्या, आणि पुढे २५ अश्वशक्तीचे तीन सिलिंडरांचे अँझानी इंजिन. आपल्या मूळ इंजिनासह उडू शकणारे जगातील सर्वांत जुने विमान हेच. ते खडखडत धावले, गवतापासून चार हात वर उठले, मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरळ रेषेत तरंगत गेले आणि खाली बसले. वळण घेण्याइतके त्यास वर नेत नाहीत. उड्डाणाचा अवधी काही क्षणांचा. परंतु चाकांच्या आणि गवताच्या मधली ती फट दिसली त्या क्षणी, मनुष्य प्रथम उडाला तेव्हा पाहणारांस काय वाटले असेल, हे समजून घेण्यास मला कल्पनाशक्तीची मदत घ्यावी लागली नाही.

या सुखावर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो पुढे लंडनच्या उत्तरेकडील हेन्डन येथे रॉयल एअर फोर्स म्युझियम पाहताना माझ्यापुढे ठाकला. प्रत्येक उड्डाण ही पैज आहे. हरली तर परत न मिळणारी वस्तू जाईल आणि कदाचित माणूसही. उडते ठेवावयाचे म्हणजे जुने कापड, जुना खिळा, जुन्या कारागिराच्या हातची शिवण काढून टाकणे आले. हेन्डनची विमाने मंद प्रकाशात स्थिर उभी असतात, आणि त्यांच्या अंगावरील मूळ रंग हा इतिहासकाराच्या दृष्टीने अस्सल दस्तऐवज असतो. दोन्ही पक्ष खरे आहेत. भातखंड्यांनी जमविलेल्या बंदिशी छापील पुस्तकांत सुरक्षित आहेत आणि तशा त्या राहिल्या नसत्या तर आपले मोठे नुकसान झाले असते. पण बंदिश गळ्यात नसेल तर पुस्तक उघडून ती गाणाराही पुढे मिळणार नाही. हेन्डनने वस्तू राखली आहे आणि ओल्ड वॉर्डनने हात राखले आहेत. यांपैकी एकच राखता येणे शक्य असेल तर काय राखावे, हा प्रश्न माझ्यापुढे अधिक तीव्रतेने उभा राहिला तो हेन्डनच्याच एका विमानामुळे.

ते लिबरेटर या जातीचे चार इंजिनांचे अवाढव्य बॉम्बर विमान, भारतीय वायुदलाने १९७४ साली ब्रिटनला भेट दिलेले. दुसरे महायुद्ध संपल्यावर अशी अनेक विमाने कानपूरच्या तळावर, पुन्हा उडू नयेत अशा बेताने मोडतोड करून टाकून देण्यात आली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी त्या प्रेतांच्या राशीतून एकाचा अवयव दुसऱ्यास जोडीत त्यांना उभे केले, आणि जमशेद कैकोबाद मुन्शी या चाचणी वैमानिकाने ती उडवीत बंगळुरास नेली. पुण्यास लोहगावच्या तळावरून सहाव्या स्क्वाड्रनने ही विमाने १९६८ च्या अखेरपर्यंत समुद्रावरील टेहळणीसाठी वापरली, जेव्हा इतर देशांनी ती केव्हाच मोडीत काढली होती. म्हणून जगातील संग्रहालये आपल्या दारी आली, आणि कॅनडा, अमेरिका, ब्रिटन येथे आज लिबरेटर दिसतात त्यांतील काही आपल्याकडूनच गेलेली आहेत. टाकून दिलेल्या धातूच्या राशीतून विमान उठविण्याचे जे कसब कानपुरास दिसले, ते ओल्ड वॉर्डनच्या कसबाहून तसूभरही उणे नव्हते. फरक एवढाच की, आपल्याकडे ते गरजेने जन्मास आले आणि गरज सरताच पेन्शनीत निघाले. त्याच्यासाठी कोणी विश्वस्तनिधीचा दस्तऐवज लिहिला नाही, कोणी कोपऱ्यात एक मुलगा कानशीसह बसविला नाही.

त्याची किंमत आपण पुढे रोख मोजली. वायुदलाने आपली जुनी विमाने पुन्हा उडविण्याचे मनावर घेतले तेव्हा, २०१२ च्या वायुदल दिनी हिंडनवर उडालेले टायगर मॉथ ब्रिटनमध्ये दुरुस्त करून आणावे लागले, आणि १९४७ च्या ऑक्टोबरात श्रीनगर वाचविणाऱ्या डाकोटांच्या स्मरणार्थ 'परशुराम' असे नाव दिलेले डाकोटाही तेथील कार्यशाळेतूनच २०१८ साली भारतात उडत आले. त्यांच्या आगमनाचा आनंद खरा होता आणि ते घडविणारांचे श्रेयही मोठे आहे. परंतु त्या हुंडीत आपण लाकूड, कापड आणि धातू यांपेक्षा तार वाजवून पाहणारा कान विकत घेतला. आणि तो इंग्लंडात विकावयास शिल्लक होता, कारण पुत्रशोकात बुडालेल्या एका स्त्रीने दानपत्र लिहिताना शास्त्राच्या शेजारी कर्माचीही तजवीज करून ठेवली होती. आपल्या संग्रहालयांच्या दानपत्रांत ते कलम घालावयास अद्याप उशीर झालेला नाही.